मुकी पट्टी

वाशीच्या हॉटेलात, लॉबीत, कुंडीला खेटून
एक पियानो. मॅनेजरने मला बोलावलं:
मधला एक सूर उठतच नाही.

मृण्मयी टिपणीस, वय बावीस.
शुक्रवारी सात ते दहा, पंधराशे आणि जेवण.
हॉल बघायला आलेली वऱ्हाडी मंडळी
तिच्याकडे पाठ करून
पनीर की मशरूम यावर भांडतात.

"काका, तो कोमल गंधार राहू दे तसाच.
तीन महिने त्याला वळसा घालून घालूनच
हात माझा झालाय."

झाकण उचललं. हातोडीचा दांडा मोडलेला,
दहा मिनिटांचं काम.
ती वाजवतच होती: डावा हात चालत राहतो,
उजवा मुक्या पट्टीपाशी येतो, थबकतो,
भलत्याच दारातून आत शिरतो.

बिलावर लिहिलं:
पार्ट मिळत नाही.