नकाशावर भरती

तिवरखोलच्या शाळेत बाकं जोडून
आम्ही नकाशा पसरला. वारा फार,
म्हणून चार कोपऱ्यांवर चार कालवं ठेवली.
गाभा क्षेत्र गडद हिरवं. त्याभोवती बफर, पिवळा.
मग संक्रमण, फिकट,
जवळजवळ रंगच नसल्यासारखं,
जिथे माणसं.

मी समजावत होतो.
हिरव्यात कुणी जायचं नाही,
पिवळ्यात विचारून, जपून,
फिकटात जगायचं, पण शहाणपणाने.
स्लाईडवर हे वाक्य बरं वाटलं होतं.

द्वारका खोबरेकर मागे उभी होती,
कमरेला पाटी, गुडघ्यापर्यंत सुकलेला चिखल.
"ह्या रेषेर भरतीचा पाणी येता," ती म्हणाली,
"मगे रेष खय जाता?"

कुणी हसलं नाही.

दुपारी ओहोटीला ती पुढे, मी मागे,
बूट हातात, मांडीपर्यंत रुतत.
तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर काढून
श्वास घेत होती.
तिने बिळात आकडी घातली, फिरवली,
कान दिल्यासारखी थांबली,
आणि ओढून काढली कुर्ली,
तळहाताहून मोठी, रागाने फेसाळलेली.
उलटी केली. पोटावरचं झाकण रुंद,
त्याच्या फटीतून दिसली गाभोळी,
पिकल्या बरक्या फणसाच्या रंगाची.

"भरलेली असा. ही आता खाडयेतून भायर जातली,
थेट दर्यार. पोरां मगे येतली भरतीवांगडा."
हलकेच खाली ठेवली.
गाभा तिरका चालत निघून गेला
पिवळ्यातून, फिकटातून, कागदाच्या पलीकडे.

दोन नर मात्र पाटीत पडले. रात्रीचं कालवण.

परतताना पलीकडच्या काठाला
ताडपत्रीखाली झाकलेली होडी दिसली, वाळूची.
मी पाहिली हे तिने पाहिलं.
"थोरलो माझो," ती म्हणाली. "रातचो जाता.
नाव लिहू नको."
मग बराच वेळ फक्त चिखलाचा आवाज,
पाय काढताना येतो तो.

शाळेत कालवांनी पाणी सोडलं होतं,
नकाशाचे चारी कोपरे खारे, फुगलेले.
साहेब म्हणाले, नवी प्रत काढू.
क्षेत्रफळाचा रकाना रिकामाच होता,
हेक्टरमध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत.

मी पेन ठेवलं
आणि भरतीची वेळ विचारायला बाहेर गेलो.