तळवा आत, तळवा बाहेर

न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा खपत नाहीत
असं आपल्याकडे म्हणतात.
वीतस नोर्कसने शिकागोत एकवीस वर्षं
गहूच विकले.
न बोलता.

आठ कोनांचा खड्डा होता तो,
पायऱ्या-पायऱ्यांनी आत उतरत गेलेला,
आणि त्यात तीनशे माणसं घसा फोडून ओरडायची.
कुणाचं कुणाला ऐकू येत नसे,
म्हणून सगळा व्यवहार हातांवर चाले.
तळवा आत, म्हणजे घेतला.
तळवा बाहेर, म्हणजे दिला.
पाचापर्यंत बोटं उभी, सहापासून आडवी,
हनुवटीशी धरली तर नग,
कपाळाशी नेली तर दहाच्या पटीत.
इतकं व्याकरण. वीतसला पुरलं.
आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला
“जरा मोठ्याने बोल” म्हटलं नाही.
इतक्या आवाजात तो असा उभा असे
जसा एखादा
धबधब्यामागच्या कपारीत.

समोरच्या पायरीवर फिन्टन केहो, हिरव्या कोटातला.
अकरा वर्षं दोघे एकमेकांचे हात वाचत होते.
लिफ्टमध्ये एकदा एकत्र सापडले
तेव्हा दोघांनीही मजल्यांचे आकडे पाहिले,
बाविसाव्यापासून खालपर्यंत,
आणि बाहेर पडून सुटकेचा श्वास सोडला.
एका जुलैत, कॅन्ससमधल्या पिकाची बातमी आलेली,
भाव उकळत होता,
केहोने मधेच हनुवटीशी दोन बोटं आडवी धरली,
मग दोन उभी.
सात. दोन.
वीतसला सौदा कळेना.
मग केहोने दोन्ही हात जोडून
त्यांचा पाळणा केला, हलवला.
सात पौंड, दोन औंस.
वीतसने तळवा आत वळवला:
घेतली.
मागच्या माणसाने घाईघाईने तोच भाव वहीत टिपला.

खड्डा बुजवला त्याला आता बरीच वर्षं झाली.

आता चौदाव्या मजल्यावर भिंती नसलेला हॉल,
उजवीकडे कुणाचा तरी पॉडकास्ट, डावीकडे कुणाचं लग्न ठरतंय,
आणि रोज सव्वाआठला उभ्याने मीटिंग,
प्रत्येकाने एक वाक्य तरी बोलायचं.
वीतस ते वाक्य आंघोळीच्या वेळी तयार करतो,
रस्त्यात दोनदा दुरुस्त करतो,
आणि त्याची पाळी येईपर्यंत
ते दुसऱ्या कुणीतरी बोलून टाकलेलं असतं.

मारिसेला तोवार, त्याची बॉस, वयाने लेकीएवढी.
वाईट नाही. खरंच नाही.
वर्षाच्या आढाव्यात म्हणाली,
काम चोख आहे, वीतस.
पण तू जाणवत नाहीस.
त्याने मान हलवली.
तिने फॉर्मवर काहीतरी लिहिलं, बरंच लांब.

दुपारी तो पार्किंगच्या पाचव्या मजल्यावर जातो,
काचा वर करून गाडीत बसतो,
डब्यातलं बिटाचं गार सूप पितो,
आईसारखं, वर बडीशेपेचा पाला.
वीस मिनिटं.
इंजिन बंद, रेडिओ बंद, फोन पालथा.
लोकांना वाटतं, भेटायला कुणीतरी आहे.
आहेच.

ऑनलाइन मीटिंगमध्ये परवा कुणीतरी म्हणालं,
“वीतस, तुझा माइक बंद आहे.”
माइक चालू होता.

आणि आज पडद्यावर आठ खिडक्या,
सगळे एकदम बोलत होते, गहू ठेवायचा की काढायचा,
आवाज चढत चढत गेला,
चढत चढत इतका ओळखीचा झाला
की वीतसचा हात आपोआप वर गेला.
तळवा बाहेर.
बोटं कपाळाशी, चार, उभी.

मारिसेलाला वाटलं, हा निघाला.
तिने हसून हात हलवला.
मग दुसऱ्या खिडकीने हलवला, मग तिसऱ्या,
आठही खिडक्यांत तळवे,
सगळे बाहेर,
सगळेच विकायला निघालेले,
आणि एकेक खिडकी मिटत गेली.

दुपारी गहू अकरा सेंटांनी पडला.
वीतस तेव्हा गाडीत होता, काचा वर करून.