फट

राजारामपुरी, आठवी गल्ली. खाली टायरचं दुकान,
वर गुरुवारी सात वाजता आम्ही चौदा माणसं.
चपला जिन्यात. रबराचा वास गाण्यात मिसळलेला.

एकतीस वर्षं मी शिरोलीत लेथवर.
शाफ्ट बेअरिंगमध्ये बसवताना
केसाएवढी फट ठेवावी लागते:
घट्ट बसला तर जाम, सैल राहिला तर खडखड.
हे लोखंडाबाबत ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी इंगवले बाईंचा हात
मी चकात जॉब आवळावा तसा धरला.
"जरा ढिला सोडा की, पळून जातोय व्हय मी?"
विमा कंपनीतून निवृत्त, गुडघ्याला पट्टा,
आणि पावलं अशी, की फरशीला कळू नये.

मग तेजल ओरडते, "जोडी बदला!"
समोर कधी कॉलेजचं पोर, तळवा घामेजलेला,
कधी भांड्यांच्या दुकानातले मुल्ला,
एवढं पोट सांभाळत
पिसासारखे वळणारे.
बोलत नाही कुणी फारसं. हातातनंच कळतं:
हा आज भांडून आलाय, हिची झोप झालेली नाही,
ह्याला आता वळायचंय.

डॉक्टर म्हणतात साखर उतरली. उतरू दे.
बायको गेल्यापासून माझ्या पाठीवर
कुणी हात ठेवला नव्हता.
इथं ठेवतात. गाण्यापुरता.
गाणं संपलं की काढून घेतात
आणि थँक्यू म्हणतात.

परवा मशीनपाशी एक-दोन-तीन पुटपुटत होतो.
हेल्पर म्हणाला, "काय मोजतायसा, मामा?"
म्हटलं, "फट."