उजवी बाजू, डावी बाजू

बंदर-कचेरीतल्या नूरेद्दीनने यादी दिली :
एकेचाळीस होड्या, प्रत्येकीचे दोन फोटो,
उजवी बाजू, डावी बाजू,
नंबर वाचता आला पाहिजे,
आणि पाणी, तो म्हणाला,
पाणी शक्यतो कमी येऊ दे.

कमी कसं येऊ देऊ?
केर्केनाचा समुद्र गुडघाभर, मान्य,
पण माझ्याआधी तोच उठलेला असतो
आणि ज्याच्या-त्याच्या खाली जाऊन बसतो.

पहाटे साडेपाचला क्रातेनचा धक्का ओला.
डिझेलचा वास. दगडांवर कालच्या माकुळांची शाई.
दोरीला ओवलेली मातीची गाडगी रचून ठेवलेली,
ऑक्टोपस घर समजून आत शिरतो
आणि घरासकट उचलला जातो.
मी पँट दुमडून उतरते. चिखल बोटांमधून वर येतो,
थंड, थोडा लाडिक.

पहिल्या तासात सात होड्या झाल्या.
हेदीच्या होडीवर त्याच्या पहिल्या बायकोचं नाव,
आणि दुसरी, सालूहा,
त्याच नावाला पाठ टेकून
निळ्या खेकड्यांनी कातरलेलं जाळं शिवते आहे.
‘मी आले तर चालेल का गं फोटोत?’
चालणार नाही, म्हटलं.
‘मग नाव तरी झाकत नाही ना मी?’
थोडंसं झाकत होती.
मी तसाच काढला.

ऊन चढलं की पाण्याचा उजेड
होड्यांच्या कुशीवर जाळं टाकतो,
ओढतो, पुन्हा टाकतो,
त्यात कधीच काही सापडत नाही
आणि त्याला त्याची घाईही नाही.
मला होती. अकराच्या आत ओहोटी लागणार,
मग सगळ्या एका अंगावर कलंडून पडतील,
दुपारच्या म्हशींसारख्या,
ह्या म्हशी मी सिनेमात पाहिल्यात.

एकोणिसावी मोंजीकाकांची.
धक्क्याकडची बाजू रात्रीच रंगवलेली,
ताज्या निळ्यावर दोन डास चिकटून मेलेले.
दुसऱ्या बाजूला गेले तर म्हणाले, ‘तिकडे काय आहे?’
डावी बाजू, काका.
‘तिकडे काही नाही.’

तिकडे ऑलिव्ह तेलाच्या डब्याचा पत्रा होता,
सोळा खिळ्यांनी ठोकलेला,
कारखान्याचं अर्धं नाव अजून वाचता येणारं.
मी काढला फोटो. काय करणार,
दोन म्हणजे दोन.

त्यांनी कॅमेरा मागितला. चष्मा घरी.
हातात उलटा धरला
आणि बराच वेळ बोललेच नाहीत.
उलट्या चौकटीत प्रतिबिंब सुलटं उभं होतं :
पत्रा थरथरून विरलेला, खिळे विरलेले,
लाकूड नुसतंच निळसर, जसं तिला
वडिलांनी पहिल्यांदा पाण्यात ढकललं तेव्हा असेल.
‘हा दे कचेरीला.’
नंबर आरशातल्यासारखा आलाय, काका.
‘मग नूरेद्दीनला आरसा दे.’

ब्याऐंशी फोटो दिले.
नूरेद्दीनने चहा पीत तीन परत केले.
एकात बाईची पाठ. एकात बगळा, अगदी नंबरावर.
एकोणिसावीच्या डाव्या बाजूवर त्याने
पेनाने गोल केला : इथे फार पाणी आहे.

म्हणून गुरुवारी पुन्हा गेले.
सालूहा तिथेच, ह्या वेळी हातभर सरकून.
मोंजीकाका दाढी करून आलेले,
आणि डावी बाजूही रंगवलेली, पत्र्यासकट,
इतक्या मन लावून, की ठिगळ आता
जेटीच्या टोकावरूनही दिसत होतं.
वारा होता. होडी हलत होती.
ते कमरेपर्यंत पाण्यात उतरले,
दोन्ही हातांनी नाळ धरून उभे राहिले
आणि म्हणाले, ‘आता काढ.’
मी ‘बाजूला व्हा’ म्हणायला हवं होतं.