चुकेल

अमळनेरला, बोरी नदीकडच्या उतारावर,
सुकलाल भंगारवाल्याच्या काट्यापाशी
रद्दीच्या गठ्ठ्यात ती सापडली.
ताग्यावरचं लेबल, तळहाताएवढं:
पोपट घेतलेली बाई,
खाली मिलचं नाव, अर्धं कसरीनं खाल्लेलं.

हीच बाई माझ्याकडे तीनदा आहे,
वहीत, चारी कोपरे अडकवून, नीटनेटकी.
पण हिचा लाल, दगडावरून उतरताना,
दोन सूत सरकलाय.
कुंकू भुवईवर. ओठ गालावर.
पोपटाची चोच पोपटाला सोडून
हवेत एकटीच काहीतरी टोचतेय.

दोनशे दिले. सुकलालनं दोनदा मोजले,
मग माझ्याकडे पाहिलं,
उन्हात डोकं फिरलेल्याकडे पाहावं तसं.

पुठ्ठे निवडणारी यमुनाबाई वाकली.
"कितलाले लिधा?"
आकडा ऐकून हसली, तोंडाला पदर लावून,
बराच वेळ.

मिलच्या घडी खात्यात होती ती, अकरा वर्षं.
खळीचा डबा, कुंचा,
आणि दिवसाला हजार बाया चिकटवायच्या.
"चांगल्या तागावर. चुकेल घर."

म्हणजे चांगल्या गेल्या कापडासोबत,
कुणी नखानं खरवडल्या, कुणी धुण्यात भिजवल्या.

"मन्ही पेटीवर नऊ शेतस.
देखाले ये. पन काढाना नही."

खिशात माझा चिमटा होता,
आणि कागद सोडवायची पातळ सुरी.
दोन्ही सुकलालच्या गल्ल्यावर ठेवून गेलो.

कोरा चहा. चाळीसचा बल्ब.
पेटीच्या झाकणावर नऊ चोचा हवेत,
प्रत्येकीची चूक वेगळ्या बाजूला.