चेंजओव्हर

दोन्ही टोकांना पिना असलेली ती वायर
भाऊजींनीच बनवली होती, मोठ्या हौसेनं.
एक टोक जनरेटरात, दुसरं ओसरीतल्या सॉकेटात
की सारं घर लख्ख.

शालिक कोडापे आला. बोलला काहीच नाही.
पक्कड काढली न् वायर मधोमध तोडली.
मग चहा मागितला.

"वैनी, अशी उलटी शिरलेली लाइन
घरात थांबत नाई.
मीटरातून निघते, डीपीत चढते,
तिथं अकरा हजाराची होते.
अन् खांबावर असते कोणीतरी,
लाइन बंद आहे म्हणून बेफिकीर."

"कोण असते?"

बशीतला चहा फुंकत म्हणाला,
"परवा मीच होतो."

आता भिंतीवर लोखंडी डबी आहे, लाल दांडीची.
वर महावितरण, खाली जनरेटर,
मधे काहीच नाही.
जनरेटर गोठ्यामागं, उघड्यावर,
धूर खिडकीत येऊ नये म्हणून.

लाइन गेली की दांडी मधे आणते.
खटका ऐकते.
टॉर्च घेऊन जनरेटरकडं निघण्याआधी
दारात थोडी थांबते.

मोहाच्या पलीकडचा खांब
इथून दिसत नाही.
तरी बघते.