तिसऱ्या दिवशीचं पाणी

पास्कूने रापणीतून आणला,
बादलीत, ओल्या गोणपाटाखाली.
"ह्येका कोण खाता? ईख आसा ह्येच्या पोटात.
तुझ्या काचेत सोड."
केंड. फुगलेला, रागावलेला,
लग्नात मागच्या पंगतीला बसवलेल्या
एखाद्या नातेवाइकासारखा.

मी सोडला. हीच चूक.
नवा जीव महिनाभर वेगळा ठेवायचा असतो,
हे मीच भिंतीवर लिहून लावलंय, लाल अक्षरात.
पण दिवाळीची सुटी होती, जेटीपर्यंत गाड्या,
आणि वीज दुपारपासून गेलेली.

आठव्या दिवशी ठिपके.
तो मुळातच ठिपक्यांचा,
त्यामुळे आधी त्याचे स्वतःचे कोणते
हे मला पाठ करावं लागलं.
परांवरचे त्याचे नव्हते.
कुबल साहेब तिकिटं फाडता फाडता म्हणाले,
मीठ असेल, खाऱ्या पाण्यातलाच ना तो.
संध्याकाळी तो दगडाला अंग घासू लागला.
श्वास मोजले, मिनिटाला नव्वद,
मग मोजणं सोडलं.

काचपट्टीची कड शेपटीजवळून हलकेच ओढली,
चिकट थेंब सूक्ष्मदर्शकाखाली.
शोधावं लागलं नाही.
राखाडी, गोल, कडेला केसाळ,
स्वतःभोवती सावकाश फिरत होता एक,
दळणारी उठून गेली तरी
फिरतच राहिलेल्या जात्यासारखा.
पोटात चार मणी.
मला तो क्षणभर आवडला.
हे मी कुणाला सांगितलं नाही.

"मगे तांब्याचो पैसो टाक पाण्यात," पास्कू म्हणाला.
"माझो आजो घागरीत टाकी."
आजा अर्धा बरोबर होता.
तांबं याला मारतं. खेकड्यालाही, कोलंबीलाही.
बाकीचे मासे मी थेंब मोजून तांब्यात ठेवले,
पण केंडाच्या अंगावर खवले नाहीत,
उघड्या पाठीला ऊन लागावं
तसं ते त्याला लागलं असतं.

उरलं फक्त वेळापत्रक.
ठिपका माशावर कायमचा राहत नाही.
पोट भरलं की सुटतो, बहुतेक अंधारात,
तळाशी जाऊन कवच करतो,
कवचात एकाचे शेकडो होतात,
मग वर येतात, मासा निजला असेल तिथे.
परत यायला त्यांना निदान तीन दिवस लागतात.
तेव्हा तिसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत,
मासा तिथे नसला पाहिजे.

दोन निळी पिंपं.
पाणी पास्कूच्या होडीतून, बंदराबाहेरचं, गाळून, मुरवून.
केंडाला जाळीने उचलत नाहीत,
वर आला की हवा गिळतो, मग ती सुटत नाही.
म्हणून भाताचा टोप, पाण्याखालून.
पहिल्या वेळी त्याने दात कराकरा वाजवले.
दुसऱ्या वेळी हातमोज्यासकट माझं बोट धरलं.
तिसऱ्या वेळी बॅटरी माझ्या दातांत होती
आणि दांडीच्या बाजूने कुत्री भुंकत होती.
चौथ्या वेळी तो आपणहून टोपात आला.
कंटाळला असेल.
मी जास्त अर्थ काढत नाही.

जुनं पिंप दर वेळी उन्हात उताणं,
खडखडीत कोरडं होईपर्यंत.
तळाला पांढरी रेघ.
हे मात्र मीठच.

मोठी टाकी अजून रिकामी आहे.
अडीच महिने तशीच ठेवायची,
दिवा चालू, पंप चालू,
वाळू, दगड, एक शंख.
काल कणकवलीहून आलेल्या एका मुलाने
काचेला नाक लावून विचारलं, यात काय आहे?
मी म्हणाले, भूक आहे.
तो खूप वेळ नीट बघत राहिला.
कुबल साहेबांनी
त्याचे अर्धे पैसे परत केले.